दोन माणसांचं काम

"बोलू नका. मोजतेय मी."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचा उजवा हात उताणा पडला होता. मनगटावर बायकोची तीन बोटं होती आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. सेकंदकाट्याची फेरी पूर्ण होईपर्यंत तिने स्वतःचाही श्वास रोखून धरला होता.

"बासष्ट," ती म्हणाली आणि वहीत आकडा लिहिला. "काल साठ होते."

"साठाच्या खाली जाणारच नाहीत. तेवढ्यासाठीच तर बसवलंय ते."

"माहीत आहे मला. तरी मोजायला सांगितलंय ना त्यांनी?"

आज एकोणिसावा दिवस. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, आगपेटीहून जरा लहान असा तो पेसमेकर होता. त्याची तार शिरेतून हृदयापर्यंत गेली होती. ती आत नीट रुजेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्या हाताने वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. फोन डाव्या खिशात ठेवायचा नाही. यातली शेवटची सूचना तो हमखास विसरणार, हे ओळखून बायकोने त्याच्या सगळ्या शर्टांचे डावे खिसे वरून शिवून टाकले होते.

"आता मी पेनही ठेवू शकत नाही," तो शर्ट घालताना कुरकुरला.

"पेन कानावर ठेवा. आणि तिथं बसूनच राहायचं हं. फोन घ्यायचा, लिहायचं, बस्स."

"बसूनच असतो."

"तुमचं बसणं माहीत आहे मला."

सत्तावीस वर्षं तो त्या हॉस्पिटलचा लिफ्ट मेकॅनिक होता. इमारत नऊ मजल्यांची, लिफ्ट तीन. एक नंबर भेटायला येणाऱ्यांची, दोन नंबर रुग्णांच्या ट्रॉलीची, तीन नंबर सामानाची. तळघरातल्या मेंटेनन्सच्या खोलीत बसून, नुसत्या आवाजावरून, कोणती लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते तो सांगायचा. त्याच्याबरोबर अठरा वर्षं एकच जोडीदार होता. तो उंच होता म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. लिफ्टचं काम एकट्याने होत नाही. एकजण वर असतो, एकजण खाली. वरच्याने काय केलं ते खालच्याला दिसत नाही, त्यामुळे बोलावं लागतं. लंबू आणि तो अठरा वर्षं असे एकमेकांशी ओरडून बोलत आले होते. लंबू त्याला "दादा" म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा.

एकोणीस दिवसांपासून लंबू त्याला "तुम्ही" म्हणत होता.

झालं ते असं. महिन्याची साफसफाई होती. लंबू दोन नंबरच्या तळाच्या खड्ड्यात उतरला होता आणि तो लिफ्टच्या टपावर उभा राहून हळूहळू लिफ्ट खाली आणत होता. टपावर एक बटण असतं, ते दाबलं की लिफ्ट कासवाच्या गतीने सरकते, सोडलं की थांबते. पहिल्या मजल्याच्या खाली आल्यावर त्याच्या तोंडात लोखंडाची चव आली. लंबूचा आवाज विहिरीतून यावा तसा लांब गेला. त्यानंतरचं त्याला आठवत नव्हतं. बटणावरचं बोट सुटलं, म्हणून लिफ्ट थांबली. लंबूच्या डोक्यावर हातभर अंतर राहिलं होतं. अंग नुसतं त्या बटणावर कलंडलं असतं, तर?

लंबूनेच त्याला टपावरून उतरवलं, उचलून अपघात विभागात नेलं. हृदयातला विजेचा रस्ता बंद पडलाय, ठोके तिशीवर आलेत, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी चक्कर आली होती?"

तो अर्धवट गुंगीत होता. खोटं बोलायचं भान नव्हतं.

"दोनदा," तो म्हणाला. "एकदा घरी. एकदा वर, मशीनरूममध्ये."

लंबू पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्या हातात अजून दादाचे बूट होते. त्याने ते शांतपणे पलंगाखाली ठेवले आणि तो बाहेर निघून गेला.

बायको त्या गोष्टीवरून एकदाच रडली आणि दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. लंबू ना रडला, ना भांडला. तो फक्त "तुम्ही" म्हणायला लागला.

---

"तीन नंबरच्या दाराचा आवाज येतोय. बघून येतो," लंबू खोलीच्या दारातून म्हणाला. सकाळचे पावणेअकरा झाले होते.

"तेलाची बाटली घेऊन जा."

"घेतलीय. तुम्ही बसा."

तो बसला. त्याच्या जागी घेतलेला मेकॅनिक दुपारच्या पाळीला यायचा, म्हणजे सकाळी लंबू एकटाच. समोर तक्रारींची वही, दोन फोन, आणि तिन्ही लिफ्टच्या आतून येणाऱ्या फोनची जोडणी. त्या जोडणीवर एरवी कोणी बोलायचं नाही. मुलं उगाच बटण दाबायची, तेवढंच.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दोन नंबरचा दिवा लागला.

"हॅलो? हॅलो, कोणी आहे का तिकडं?" बाईचा आवाज होता, दबका, पण घाईचा. "मी सर्जिकल वॉर्डची सिस्टर. लिफ्ट बंद पडलीय. ऑपरेशनचा पेशंट आहे माझ्याबरोबर."

"घाबरू नका, सिस्टर. कुठं आहात?"

"पाच सोडलं होतं. सहा आलेलं नाही. अहो, पेशंट ऑक्सिजनवर आहे. हा छोटा सिलिंडर आहे. काटा लाल पट्ट्यात आलाय."

"किती वेळ चालेल?"

ती क्षणभर थांबली. पेशंट ऐकत असणार. "पंधरा मिनिटं धरा," ती म्हणाली.

त्याने लंबूला फोन लावला. लंबू धावत खाली आला, कप्प्यातून किल्ल्या आणि ब्रेकचा दांडा घेतला आणि वळला, तर दारात तो उभा.

"तुम्ही कुठं?"

"वर."

"काही गरज नाही. मी सिक्युरिटीचा माणूस घेतो."

"त्याला समजावण्यात पाच मिनिटं जातील. चाकाला एक, ब्रेकला एक. दोन माणसांचं काम आहे, लंबू."

लंबूने त्याच्या छातीकडे, त्या शिवलेल्या खिशाकडे पाहिलं. मग दांडा काखेत मारला आणि निघाला. दोघं एक नंबरने नवव्या मजल्यावर गेले. लिफ्टमध्ये दोघंच होते आणि दोघंही मजल्यांचे आकडे बघत होते. नवव्याच्या वर लोखंडी जिना होता, बावीस पायऱ्या. लंबू दोन-दोन पायऱ्या चढत पुढे गेला. मागून तो उजव्या हाताने कठडा धरून एकेक पायरी चढला.

मशीनरूममध्ये तिन्ही यंत्रं एका रांगेत होती. एक आणि तीन चालू होती, मोटरी घुमत होत्या. चालू मोटरीपासून हातभर लांब राहा, असं पेसमेकर तपासणाऱ्या बाईने त्याला बजावलं होतं. त्याने मनात अंतर मोजलं आणि दोन नंबरच्या मागून, भिंतीच्या बाजूने आत गेला. तोवर लंबूने नियंत्रणाच्या कपाटात पाहिलं होतं.

"मोटर चालवणारा ड्राइव्ह गेलाय. पुन्हा चालू करून बघितलं, उठत नाही. हातानंच घ्यावी लागेल." त्याने दोन नंबरचा मुख्य स्विच खाली ओढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मशीनरूममधला, लिफ्टशी जोडलेला फोन स्पीकरवर ठेवून कपाटाच्या दाराला अडकवला. "सिस्टर, ऐकू येतंय? आम्ही लिफ्ट हातानं वर घेतोय. हिसके बसतील. ट्रॉली धरून ठेवा, दाराला हात लावू नका."

"लवकर करा हो," फोनमधून आवाज आला.

मोटरीच्या टोकाला मोठं लोखंडी चाक होतं, ते फिरवलं की दोर सरकतो आणि लिफ्ट हलते. पण आधी ब्रेक उघडावा लागतो. वीज नसली की ब्रेक आपोआप आवळलेला असतो. तो उघडायचा म्हणजे खाचेत दांडा घालायचा आणि तो खाली दाबून धरायचा. आत जाड स्प्रिंग. दांडा सोडला की ब्रेक पुन्हा आवळतो. लिफ्टमध्ये माणसं थोडी असली की दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन भारी पडतं आणि लिफ्ट वर धाव घेते. म्हणून चाक धरणाऱ्याला ते फिरवण्यापेक्षा आवरण्याचंच काम जास्त असतं. त्याने आवरायचं आणि दुसऱ्याने, सांगितलं त्या क्षणी, ब्रेक सोडायचा. एवढीच गोष्ट. ती त्या दोघांनी शंभरदा केली होती.

"धरलं," लंबू म्हणाला. त्याचे दोन्ही हात चाकावर, एक पाय भिंतीला.

"उघडतोय."

त्याने उजव्या हाताने दांडा दाबला. स्प्रिंग हललीसुद्धा नाही. खांद्याचा जोर लावला. ब्रेक केसभर उघडला, किरकिरला, चाक चार बोटं सरकलं आणि दांडा हातातून उसळला. ब्रेक धाडकन आवळला. खाली लिफ्टला हिसका बसला.

"अहो!" फोनमधून सिस्टर ओरडली. मागे कोणीतरी कण्हलं.

"दोन हात लावल्याशिवाय होणार नाही ते," लंबू म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो. "थांबा. मी खाली जाऊन कोणालातरी..."

"चाक धर."

त्याने डावा हात उजव्यावर ठेवला आणि दाबला.

ब्रेक उघडला. चाक फिरायला लागलं. लंबू दातओठ खाऊन ते आवरत होता. दोरावर प्रत्येक मजल्याची पांढरी खूण होती. सहाव्याची खूण अजून चाकापासून दोन हात लांब होती. वीतभर सरकली. आणखी वीतभर.

कातडीखालची ती डबी त्याला एकदम जाणवली. कोणीतरी आतून अंगठा रोवावा तशी. टाक्यांची जागा ताणली गेली. तार. ती तार निसटली तर काय होतं, ते त्याने पलंगावर असताना डॉक्टरांना पुष्कळ विचारून घेतलं होतं. निसटली तर ठोका जातो, पण पोचत नाही. मग पुन्हा तीस. मग पुन्हा तेच.

आणि त्याच्या तोंडात लोखंडाची चव आली.

आली का? की नुसतं वाटलं? शेजारच्या मोटरींचा आवाज लांब चालला होता, की तीन नंबर आत्ताच थांबली होती? त्याला ठरवता येईना. दांडा त्याच्या पोटाच्या उंचीवर होता आणि तो त्यावर पुढे झुकला होता. आत्ता भोवळ आली तर आपण मागे नाही, पुढेच पडू, दांड्यावरच. सगळं वजन दांड्यावर. ब्रेक उघडाच राहील, आणि ते चाक लंबू एकट्याने किती वेळ धरेल?

अजून हातभर. आणखी पाव मिनिट. पाव मिनिट तर कसंही निघेल. मागच्या दोन वेळाही असंच वाटलं होतं.

"लंबू, चाक घट्ट धर. सोडतोय मी."

"आत्ता? अरे, आलीच की..."

"सोडतोय!"

ब्रेक आवळला. त्याने दांड्यावरून दोन्ही हात काढले.

"मला जमत नाही," तो म्हणाला. "भोवळ येतेय असं वाटतंय. येईल की नाही माहीत नाही. पण मी आता हा धरणार नाही."

फोनमधून सिस्टरचा आवाज आला, "काय झालं? थांबलात का?" लंबू चाकाला तसाच टेकून त्याच्याकडे बघत होता. घाम त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होता.

"दादा, बाजूला हो," तो म्हणाला. "खाली बस. भिंतीला टेक. पडू नकोस."

तो भिंतीला पाठ घासत खाली बसला. तेवढ्यात लोखंडी जिन्यावर धपाधप पावलं वाजली आणि दारात सहाव्यावरच्या ऑपरेशन थिएटरची मावशी आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, हिरव्या गाउनच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. धापेने तिला बोलता येत नव्हतं.

"डॉक्टर विचारतायत... अजून किती... टेबल तयार करून बसलेत सगळे..."

"मावशी, इकडे या," तो खालूनच म्हणाला. "ट्रॉलीवरून टेबलावर पेशंट उचलता ना तुम्ही?"

"दिवसाला वीस."

"मग हा दांडा धरा. दोन्ही हातांनी. मी 'उघडा' म्हटलं की सगळा जोर लावून खाली दाबायचं. 'सोडा' म्हटलं की हात काढायचे. मध्ये विचार करायचा नाही, वळून बघायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. नुसतं ऐकायचं."

"सासरी तीस वर्षं तेच केलं," मावशी म्हणाली आणि तिने गाउनला हात पुसून दांडा धरला.

लंबू चाकावर परत ओणवा झाला. "तू दोर बघ, दादा. मला इथून खूण दिसत नाही."

"बघतोय. धरलंस?"

"धरलं."

"उघडा."

मावशीने दांडा असा दाबला की स्प्रिंग गपकन बसली. चाक सुटलं. लंबूच्या तोंडून हुंकार निघाला.

"येऊ दे. येऊ दे. हळू, लंबू, हळू. वीतभर राहिली." पांढरी खूण चाकाच्या कडेला आली. "चार बोटं. दोन... सोडा!"

मावशीने हात असे वर केले जणू कोणी तिच्यावर बंदूक रोखली होती. ब्रेक आवळला.

लंबू दाराची किल्ली घेऊन केव्हाच जिन्यावर पोचला होता. भिंतीशी बसलेला तो फोनपर्यंत गुडघ्यांवर सरकला. "सिस्टर, लिफ्ट सहाव्याला लागलीय. आमचा माणूस दार उघडायला येतोय. उंच माणूस आहे, लगेच कळेल. सिलिंडर कसा आहे?"

"संपला. फुग्यानं श्वास देतेय मी. दाबतेय." तिच्या शब्दांमध्ये एक लय होती, दर दाबण्यागणिक एक शब्द. "लवकर. पाठवा. त्याला."

ते दोन मिनिटं चाललं असेल. तो आणि मावशी फोनकडे बघत बसले. मग लोखंडी दार सरकल्याचा आवाज, बरीच माणसं, चाकांचा खडखडाट, आणि सिस्टरच्या फुग्याचा आवाज लांब गेला. फोन चालूच राहिला, त्यातून रिकाम्या लिफ्टचा पंखा ऐकू येत होता.

"गेले वाटतं," मावशी म्हणाली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "अहो, तुमचं तोंड पांढरंफटक पडलंय. तुम्हीच पेशंट दिसताय."

"आहेच," तो म्हणाला.

---

लंबूने व्हीलचेअर आणली. तो बसायला तयार नव्हता, पण लंबू खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा राहिला आणि हललाच नाही, तेव्हा बसला.

पेसमेकरची तपासणी करणारी बाई तरुण होती, चष्मा केसांत खोचलेला. तिने तारेला जोडलेली एक चपटी गोल वस्तू त्याच्या छातीवर ठेवली आणि पडद्याकडे बघत राहिली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला तो चेहरा वाचता येत नव्हता.

"तार जागच्या जागी आहे," ती शेवटी म्हणाली. "ताकद बघितली, तीही ठीक. एकही ठोका चुकलेला नाही."

"सव्वाअकराच्या सुमाराला?"

"तेव्हाही नाही."

"भोवळ येत होती मला. तोंडाला चव आली होती."

"भीतीनं येऊ शकते. जोर लावताना श्वास धरला असेल तुम्ही." तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. "पण डावा हात लावायचा नव्हता, हे खरंच. नशीब चांगलं म्हणा. आणि हे मशीन आता नुसतं बसून नाही हं. शंभरातले अठ्ठ्याण्णव ठोके तेच देतंय."

"म्हणजे माझे दोनच?"

"तसं काही नाही," ती हसून म्हणाली. "सगळे तुमचेच."

तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला. लंबू दाराशीच बाकावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं असणार.

"काहीच नव्हतं," तो लंबूच्या शेजारी बसत म्हणाला. "उगाच सोडला ब्रेक. हातभर राहिली होती. त्या बाईचा सिलिंडर संपला माझ्यामुळं."

लंबूने हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. त्याच्या तळव्यांना चाकाचे लाल वळ उठले होते.

"त्या दिवशी खड्ड्यात उभा होतो ना," तो म्हणाला. "वर बघून हाका मारत होतो. दहा मारल्या, वीस मारल्या. तू ओ देईनास. लिफ्ट अशी डोक्यावर. तेव्हा मला भीती नाही वाटली, सांगतो. मला वाटलं, दादाचं काहीतरी झालं. तुझीच काळजी वाटली. आणि मग तू तिथं पडल्या-पडल्या म्हणालास, दोनदा."

"नोकरी जाईल असं वाटलं होतं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा ठरवलं होतं सांगायचं. मग आठवडा गेला, काही झालं नाही..."

"साहेबांना नको सांगूस. मला सांगायचंस. तुझ्या हातात बटण देऊन मी खाली उतरतो रे. घरी पोरी आहेत मला."

कॉरिडॉरमधून एक सफाईवाली ओली फरशी सोडत मागे-मागे आली आणि दोघांनीही पाय वर उचलले.

"आज काहीच नव्हतं," लंबू पाय खाली ठेवत म्हणाला. "तरी सांगितलंस. मला तेवढंच पाहिजे."

घरी गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, काही न वगळता. तिने एकच प्रश्न विचारला, "डावा लावला?" तो म्हणाला, "लावला." ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली, सगळी घासलेलीच भांडी. दोन दिवस तिने वहीत आकडा लिहिला, पण मोठ्याने वाचून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जिकल वॉर्डच्या सिस्टरचा फोन आला. पेशंट शाळेतल्या शिक्षिका होत्या. फुटलेलं आतडं शिवलं होतं, सकाळी त्या शुद्धीवर आल्या होत्या. "त्या विचारतायत," सिस्टर म्हणाली, "फोनमध्ये ते 'उघडा, सोडा' कोण म्हणत होतं? त्यांना वाटलं तेच डॉक्टर आहेत."

---

सहा आठवडे झाले तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. नेहमीचं काम करायला हरकत नाही, चालू मोटरीपासून अंतर राखावं. इंजिनीअर साहेबांनी ती वाचली आणि ते खूश झाले. "मग सोमवारपासून पूर्वीसारखं! मला तुमच्याशिवाय चैन पडेना."

"साहेब, माझं नाव यादीतून काढा."

"कुठल्या यादीतून?"

"टपावर आणि मशीनरूममध्ये दोघांनी करायच्या कामाच्या. फोन बघेन, बिघाड शोधून देईन, नव्या माणसाला शिकवेन. पण कोणाचा जीव माझ्या हातावर नको."

"अहो, पण चिठ्ठीत तर लिहिलंय की..."

"चिठ्ठी बरोबर आहे," तो म्हणाला. "ते मशीन दगा देईल म्हणून नाही सांगत. ऐन वेळी मला कळलंच नाही साहेब, खरं काय आणि भीती काय. पुन्हाही कळेल असं नाही. ब्रेकपाशी असा माणूस चालत नाही."

साहेबांनी पुष्कळ समजावलं. मग त्यांनीच कागद पुढे केला आणि तो त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, चार ओळी. सही करताना हात थांबला नाही. खाली हुद्द्याच्या जागी मात्र तो थांबला. सत्तावीस वर्षं तिथे तो एकच शब्द लिहीत आला होता. आता काय लिहायचं, ते त्याला सुचेना, म्हणून ती जागा त्याने मोकळीच सोडली.

त्याच कागदावर आणखी एक ओळ होती. थिएटरच्या मावशीला आणि सिक्युरिटीतल्या दोघांना ब्रेक उघडायचं शिक्षण द्यावं, म्हणजे पुन्हा कधी अडलं तर माणूस शोधत फिरावं लागणार नाही.

शिक्षणाचा पहिला दिवस ठरला. सकाळी दहाला तो लोखंडी जिना चढून वर गेला आणि मशीनरूमच्या उंबऱ्याशी थांबला. आत दोन नंबरभोवती मावशी आणि ते दोघे गोळा झाले होते. मावशी आधीच त्यांना काहीतरी समजावून सांगत होती. एक आणि तीनच्या मोटरी घुमत होत्या.

"बाहेर का उभा?" लंबूने आतून विचारलं. "ये की."

"इथूनच सांगतो. इथून दिसतं मला."

"खाली बघ जरा."

त्याने खाली पाहिलं. धुळकट फरशीवर, तिन्ही यंत्रांच्या अलीकडे, भिंतीपासून भिंतीपर्यंत पिवळ्या रंगाची जाड रेष ओढली होती. रंगाचा वास अजून खोलीत होता.

"ती तपासणीवाली बाई म्हणाली, हातभर अंतर," लंबू म्हणाला. "मी दोन हात धरलेत. इथपर्यंत ये तू. पुढं आम्ही आहोत."

तो आत गेला. बुटांची टोकं रेषेच्या अलीकडे ठेवून उभा राहिला. समोर चाक होतं, ब्रेक होता, दोरावरच्या पांढऱ्या खुणा इथून स्पष्ट दिसत होत्या. मावशीने दांडा धरला आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबली.

बोलण्याआधी त्याने पुन्हा एकदा रेषेकडे पाहिलं. सुरुवातीला ती अगदी सरळ होती. डाव्या भिंतीशी मात्र चांगली दोन बोटं वाकडी गेली होती. रेष आखताना मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला लंबूजवळ कोणी नव्हतं.